हातभट्टीला इंग्रजीत क्राफ्ट म्हणतात

दोस्तहो, या अंकात बाटलीवर लिहितोय. नाकं मुरडू नका. ज्यांना मुरडायचीच आहेत त्यांनी आधी घरचा फ्रीज उघडून बघावा, मग माझ्याकडे बघावं.

हल्ली बऱ्या पगाराच्या पोरापोरींना प्रवासाचा एक नवा नाद लागलाय. कुठल्याही गावाला गेलं की तिथलं देऊळ, तिथलं लेणं, तिथला किल्ला बघायचा आणि संध्याकाळी तिथली बिअर शोधायची. पण कुठलीही चालत नाही. 'लोकल' पाहिजे आणि 'क्राफ्ट' पाहिजे. म्हणजे मोठ्या कारखान्यातली, देशभर एकाच चवीची नको. कुणीतरी हाताने, थोडीथोडकी, जीव लावून केलेली पाहिजे. तिच्यात त्या गावचं पाणी यावं, त्या गावचं धान्य यावं, करणाऱ्याचं नाव यावं. महाराष्ट्रात याची सुरुवात पुण्यातून झाली. २००९ साली तिथे डूलाली नावाचं दुकान निघालं, आणि तिथल्या तिथे बनवलेली बिअर तिथल्या तिथे प्यायची चाल पडली. पुढे डोंबिवलीच्या एमआयडीसीत गेटवेवाल्यांनी गव्हाची बिअर काढली. मुंबईत तर गिरण्यांच्या आवारातच असली दुकानं उघडली. माझा आजा रिंग खात्यात होता. त्याचा तेव्हाचा महिन्याचा पगार आणि आजचा तिथला एक ग्लास, फार फरक नाही.

तरी नाद वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ज्या गावात गेलो तिथल्या हाताचं काम चाखावं, त्याला नाव विचारावं, त्याचे पैसे द्यावेत, यात वाईट काय? वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. छताला दगडात लाकडाच्या फासळ्या कोरल्यात. खऱ्या सुताराने वर बघितलं तर क्षणभर फसेल. कोरणाऱ्याचं नाव कुठे नाही. तेव्हा हाताला नाव द्यायचं वेड कुणाला लागलं असेल तर ते लागू द्या. माझं म्हणणं एवढंच की हा नाद शेवटपर्यंत न्या. अर्ध्यात सोडू नका.

मी शेवटपर्यंत न्यायचं ठरवून गेल्या थंडीत वेरूळ बघून घाट चढलो आणि खुलताबादला गेलो. खुलताबाद म्हणजे जुनं रौजा. तटाच्या आतलं गाव, पावलापावलाला दर्गा, आणि एका अंगाला आडवा पडलेला भद्रा मारुती. शनिवारी पायी येणाऱ्यांची रांग. अशा गावात बिअर विचारणं म्हणजे मार खायची तयारी. पण चहाच्या टपरीवाला हसला. म्हणाला, "इथली? इथली कुठली भाऊ, सगळी वाळूजची. बाटलीवर वाचा की."

बरोबर बोलला तो. औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचं छत्रपती संभाजीनगर, हे महाराष्ट्राच्या बिअरचं कोठार आहे. तिथल्या औद्योगिक वसाहतींत एकामागून एक ब्रुअऱ्या उभ्या आहेत. खुलताबादहून तासाभराची वाट. अंतराने मोजलं तर खुलताबादची लोकल बिअर हीच. आता ती किती लोकल ते बघा. फोस्टर्स नावाची ऑस्ट्रेलियाची बिअर औरंगाबादला बनायला लागली. २००६ साली तो धंदा साबमिलर कंपनीने घेतला. २०१६ साली साबमिलरलाच बेल्जियमच्या एबी इनबेव्हने गिळलं. किंगफिशर म्हणाल तर ती बनवणारी युनायटेड ब्रुअरीज २०२१ पासून हॉलंडच्या हायनेकेनच्या ताब्यात आहे. जव येतो राजस्थान-हरियाणाकडून. हॉप्सचा कडवटपणा येतो कंटेनरमधून, जर्मनीहून नाहीतर अमेरिकेहून. मी डॉकात माल ओढतो, मला कळतं कुठला माल कुठून येतो. नाव ऑस्ट्रेलियाचं, मालक बेल्जियमचा, दाणा राजस्थानचा, कडवटपणा जर्मनीचा. मग त्या बाटलीत इथलं काय? पाणी. फक्त पाणी.

आणि पाणी कुठलं? पैठणच्या जायकवाडीचं. एक लिटर बिअर बाहेर पडायला कारखान्यात तीन ते पाच लिटर पाणी जातं. बाटल्या धुवायच्या, टाक्या धुवायच्या, वाफ करायची. २०१६ चा एप्रिल आठवा. जायकवाडी तळाला गेलं होतं. लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणलं जात होतं, अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं. खेड्यांत हंड्यांच्या रांगा, आणि त्या रांगेत आपली बाई कितवी उभी असते ते तुम्हाला सांगायला नको. टँकर आला की आधी कुणाच्या आडात ओततात तेही सांगायला नको. त्या महिन्यात बिअरच्या कारखान्यांना पाणी चालूच होतं. शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं की मद्याच्या कारखान्यांचं पाणी आधी ५० टक्के तोडा, मग ६० टक्के तोडा. कोर्टाने सांगितल्यावर कळलं की तोडता येतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर खुलताबादमधली एक कबर दाखवतो. लोक तिथे औरंगजेबाची कबर बघायला जातात, किंवा उखडायला जातात. २०२५ च्या मार्चमध्ये ती उखडायची आरोळी उठली आणि नागपुरात दंगल पेटली. त्या गर्दीतलं कुणीच शेजारी मलिक अंबरकडे वळलं नाही. अंबर हा हबशी. आजच्या इथिओपियात जन्मला, पोरवयात गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनला पोचला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, तीच पुढे औरंगाबाद झाली. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून त्याने शहरात आणलं, ती नहर-ए-अंबरी. १६२६ साली मेला, खुलताबादला पुरला. गुलामाने शहराला पाणी दिलं, हे कुठल्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं मला दिसलं नाही.

या अंबरच्या मुलखात आजही बायका घरी बिअर करतात. तिला तेल्ला म्हणतात. जव नाहीतर तेफ नावाचं बारीक धान्य आंबवायचं, त्यात गेशोचा पाला घालायचा, मडक्यात झाकून ठेवायचं. विकायची असेल तर दाराबाहेर काठी रोवून तिच्यावर डबा उपडा घालायचा. डबा दिसला की आत जायचं, बसायचं, प्यायचं, बाईला पैसे द्यायचे. ही खरी लोकल, ही खरी क्राफ्ट. हिला बारकोड नाही.

मग खुलताबादचं असं काही होतं का? होतं की. शिंदी.

पुण्यामुंबईच्या पोरांना शिंदी म्हटलं की काही कळत नाही, म्हणून सांगतो. शिंदी म्हणजे रानखजुरीचं झाड. ओढ्याकाठी, पडीक जमिनीत, कुणी न लावता येतं. त्याच्या शेंड्याखाली खाच मारायची, मडकं बांधायचं. रात्रभर थेंब थेंब रस पडतो. पहाटे उतरवला तर निरा, गोड. ऊन चढलं की आपोआप आंबतो, फेस येतो, दुपारपर्यंत आंबटसर, कडक होतो. भट्टी नाही, नळी नाही, नवसागर नाही. नशा बिअरएवढीच. उद्यावर ठेवता येत नाही, दूर नेता येत नाही. ज्या गावची त्या गावात, ज्या दिवसाची त्या दिवशी. क्राफ्टवाले जी जी अट घालतात ती ती शिंदी पुरी करते, शिवाय फुकट एक जास्तीची: रोज झाडावर चढणारा माणूस डोळ्यांसमोर दिसतो.

निजामाच्या राज्यात मराठवाड्यात गावोगाव शिंदीची दुकानं होती. निजामाने मक्ते लिलावात दिले आणि अबकारीतून तिजोरी भरली. म्हणून १९४७-४८ साली हैदराबाद मुक्तीच्या लढ्यात कार्यकर्त्यांनी कुऱ्हाडी घेऊन शिंदीची बनं तोडली. निजामाचं उत्पन्न तोडायचं म्हणून झाडं तोडली. लढा बरोबर होता, वार बरोबर ठिकाणी बसला. पण झाडावर ज्याचं पोट होतं त्या कलालाला पुढे काय दिलं? आणि दुसरा एक माणूस, जो कुणाच्याच हिशेबात नव्हता. शिंदीच्या पानांची केरसुणी होते. ती वळतो मातंग. त्याच केरसुणीची दिवाळीत लक्ष्मी म्हणून पूजा होते. झाड पडलं की केरसुणी पडली. लक्ष्मी विकत आणणाऱ्याला वर्षातून एकदा आठवण येते, वळणाऱ्याला रोज भूक लागते.

१९४८ साली निजाम गेला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मागोमाग मुंबईचा दारूबंदी कायदाही आला. ज्या निजामाच्या राज्यातून आपण फुटून निघालो त्याच राज्याचा तेलंगणातला तुकडा बघा. तिथे झाडावर चढणाऱ्यांच्या सहकारी सोसायट्या आहेत, चढणाऱ्याच्या नावावर झाडं लावून दिलेली आहेत, सरकारच्या कागदावर. रस्त्याच्या कडेला मडकं घेऊन बसलेला माणूस चोर नाही. इकडे त्याच झाडाचा तोच रस विनापरवाना काढला तर गुन्हा. नकाशावर एक रेघ मारली की माणूस गुन्हेगार होतो.

आता आपल्या भाषेतला एक शब्द घ्या. हातभट्टी. हात आणि भट्टी. हाताने लावलेली भट्टी. इंग्रजीत क्राफ्ट म्हणजे काय? हाताचं कसब. म्हणजे हातभट्टीला इंग्रजीत क्राफ्ट म्हणतात. पण एका शब्दावर पोलीस येतात आणि दुसऱ्या शब्दावर पेपरची रविवार पुरवणी येते. चव ओळखायची भाषाही आपल्याकडे कधीची आहे. 'पहिल्या धारेची' हा शब्द कुणी शोधला? क्लबात बसणाऱ्याने नाही. भट्टीशेजारी उकिडवा बसून पहिली धार कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते जिभेने ओळखणाऱ्याने. आज पांढरपेशा कवी कवितेला 'पहिल्या धारेची' म्हणून शाबासकी देतो. शब्द चालतो, शब्दाचा बाप चालत नाही.

शब्दाच्या बापाचं काय झालं ते कायद्यात वाचा. इंग्रजाने १८७८ साली मुंबईचा अबकारी कायदा केला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू ठेकेदाराच्या मोठ्या भट्टीत नेली, कारण हजार चुलींवर कर बसवता येत नाही, एका धुरांड्यावर बसवता येतो. १८९२ साली ठाणे-कुलाब्यासाठी खास मोहाचा कायदा केला, म्हणजे झाडाखाली पडलेलं फूल गोळा करून घरात ठेवणाराही संशयित. इंग्रज गेला. १९४९ साली स्वराज्याचा दारूबंदी कायदा आला, त्याच्या कलम ६५ खाली आजही तांड्यावर, पालावर छापे पडतात. आणि १९८१ साली जो कायदा झाला त्याचं नाव एकदा मोठ्याने वाचा. झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले, आणि मग पुढे बाकीचे धोकादायक लोक. झोपडपट्टी आणि हात, दोन्ही कायद्याच्या नावातच अडकवलेत. या कायद्याखाली खटला न चालवता वर्षभर आत ठेवता येतं. डूलालीचा माणूस हातानेच बनवतो ना? त्याला कुणी हातभट्टीवाला म्हणून बघावं.

मात्र ज्याच्याकडे परवाना आहे त्याला हाच दारूबंदी कायदा मऊ गादी होतो. जगात दुसरीकडे बार असतो, आपल्याकडे 'परमिट रूम' आहे. पिणाऱ्याकडे परवाना पाहिजे, आणि तो परवाना कशासाठी? आरोग्य टिकवण्यासाठी. म्हणजे गिऱ्हाईक आजारी, बार दवाखाना. आणि 'देशी दारू'च्या सरकारमान्य दुकानात जी मिळते ती कुठल्या देशातली? साखर कारखान्याच्या मळीतून काढलेला स्पिरिट. कारखाना कुणाचा, पुढारी कुठला, उसाला पाणी कुठून, हे सगळे धागे तुम्हीच जोडा, माझी जागा संपेल.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. ज्वारी आपली, तीच ज्वारी आफ्रिकेची. तिथे बायका ज्वारीची बिअर घरी करत आल्या. डर्बनच्या गोऱ्या नगरपालिकेने १९०८ च्या कायद्याचा आधार घेऊन ज्वारीच्या बिअरचा सगळा धंदा आपल्या हातात घेतला. बाईच्या मडक्यातली बेकायदा, नगरपालिकेच्या बिअर हॉलमधली कायदेशीर. काळ्या मजुराने दिवसभर गोदीत राबायचं, संध्याकाळी गोऱ्याच्या हॉलमध्ये जाऊन स्वतःच्या आजीची बिअर विकत घ्यायची, आणि त्या नफ्यातून त्याच्याच वस्तीवर पहारा ठेवणारी कचेरी चालायची. १९२९ साली बायका उठल्या. १९५९ साली काटो मनोरच्या बायका काठ्या घेऊन बिअर हॉलमध्ये शिरल्या. १९७६ साली सोवेटोच्या पोरांनी शाळेच्या भाषेवरून बंड केलं तेव्हा बिअर हॉलही जाळले. त्या पोरांना दारू हवी होती म्हणून नाही. कोण आपल्याला पाजतो आणि कोण त्यावर जगतो हे त्यांना कळलं होतं म्हणून.

आपल्या जवळचं बघायचं तर सावंतवाडी, दोडामार्गला जा. काजूचं बोंड पिकतं, बी काढून घेतात आणि बोंड झाडाखाली सडतं. सीमा ओलांडून गोव्यात गेलं की त्याच बोंडाचा उर्राक होतो, फेणी होते. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा ठरवलं. पर्यटक भट्टी बघायला येतात, भट्टीवाल्याबरोबर फोटो काढतात. अलीकडच्या महाराष्ट्रातल्या गावात तीच भट्टी लागली तर फोटो पोलीस काढतात. बोंड एक, हात एक, फरक फक्त बांद्याच्या नाक्याचा.

मोहाचं तर आणखी भारी आहे. मध्य प्रदेशने २०२२ पासून आदिवासींच्या मोहाच्या दारूला वारसा दारू म्हणून परवाना द्यायला सुरुवात केली. आपल्या महाराष्ट्राने काय केलं? २०२१ साली फूल गोळा करण्यावरची, वाहून नेण्यावरची बंधनं उठवली. ठीक, चांगलं केलं. आणि २०२२ साली मंत्रिमंडळाने ठरवलं की मोहाच्या फुलांपासून, काजूच्या बोंडांपासून बनवलेल्या दारूला विदेशी मद्याचा दर्जा द्यायचा. विदेशी! गडचिरोलीच्या जंगलात गोंडाच्या आजोबाच्या आजोबाने जे फूल वेचलं ते विदेशी झालं. म्हणजे प्रतिष्ठा द्यायची असेल तर आधी परदेशात न्यावं लागतं, निदान कागदावर. देशी असणं हा आपल्या देशात अपमान आहे, आणि तो अपमान सरकारने स्वतःच्या सहीने मान्य केला. त्याच वर्षाच्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन ठेवायला परवानगी देताना वाईन म्हणजे दारू नव्हे असंही सांगून झालं होतं. ओरड झाल्यावर तो निर्णय थंड पडला तो पडलाच.

आता तुमच्या डोळ्यांतला प्रश्न मला दिसतोय. तू आम्हाला प्यायला शिकवतोस काय? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे की नाही? आहे. माझ्या आईने ती पाळली. तिच्या घरात बाटली येत नाही, आणि मी बाहेर कधीमधी घेतो तेव्हा तिच्यासमोर उभा राहत नाही. तिच्या बापाने पगार दारूत घालवला, ती शाळा सोडून दुसऱ्याच्या घरची भांडी घासायला गेली. तिच्यापुढे मी 'हस्तकला' म्हणून भाषण करू शकत नाही, करणारही नाही. गावोगावच्या बाया मतदान घेऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारतात आणि दुकान बंद पाडतात, त्या बायांच्या मी बाजूने आहे.

पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. प्रतिज्ञा आपण घेतली. बंदी त्यांनी घातली. प्रतिज्ञेत माणूस स्वतःचा हात आवरतो. बंदीत पोलीस दुसऱ्याचा हात पिरगाळतो, आणि पिरगाळून झाल्यावर हप्ता मागतो. बंदीने दारू जाते असं कुणाला वाटत असेल तर त्याने खुलताबादच्याच त्या दुसऱ्या कबरीकडे यावं. औरंगजेबाने दारू बंद केली होती, मुहतसिब नेमून पिंपं फोडायला लावली होती. इटलीचा मनुची तेव्हा इथे होता, त्याने लिहून ठेवलंय. बादशाह म्हणायचा, हिंदुस्थानात न पिणारी दोनच माणसं, एक मी आणि दुसरा काझी. मनुची सांगतो की त्या काझीला रोज एक बाटली तो स्वतःच पाठवत होता. बादशहाचं कफन म्हणे त्याने टोप्या शिवून मिळवलेल्या चार रुपये दोन आण्यांत आणलं. हाताच्या कमाईची किंमत त्या माणसाला कळत होती, असं म्हणू. काझीची कळली नाही.

विषाबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर मी खोटा. जून २०१५, मालाड मालवणी. शंभरावर माणसं मेली. मजूर, रिक्षावाले, मोलमजुरी करणारे. पेपरांनी लिहिलं, हातभट्टीने घेतले बळी. पण मारलं कशाने? मिथेनॉलने. ते मडक्यात पिकत नाही, झाडाला लागत नाही. ते रसायनाच्या कारखान्यातून पिंपात येतं आणि मधला माणूस पाणी घालून पिशवीत भरतो. तेलंगणातही सगळं गोड नाही. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्लीत भेसळीच्या ताडीने माणसं गेली. भेसळ करणाऱ्याला फासावर द्या, मी आडवा येणार नाही. पण जिथे बनवणाऱ्याला तोंड लपवावं लागतं तिथे भेसळ सगळ्यात सोपी असते, हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही. डोंबिवलीच्या पिंपाची तपासणी होते कारण ते पिंप कागदावर आहे. तांड्यावरच्या मडक्याची तपासणी होत नाही, ते फोडलंच जातं.

म्हणून प्रवासाला निघणाऱ्या, चांगली लोकल बिअर शोधणाऱ्या माझ्या शिकलेल्या भावांनो, बहिणींनो, यादी करून निघा. पण यादीत पिंपाचा रंग आणि फेसाची उंची एवढंच लिहू नका. धान्य कुणाच्या शेतातलं, बनवणाऱ्याचं आडनाव काय, त्याच आडनावाच्या दुसऱ्या माणसाला हेच केल्याबद्दल कधी आत टाकलं होतं का, हेही विचारा. तेलंगणात गेलात तर सोसायटीचं दुकान विचारून सकाळीच जा, चढणाऱ्याच्या हातून घ्या. गोव्यात उर्राकचा हंगाम मार्च ते मे, तो बाटलीतला नको, भट्टीवरचा घ्या. महाराष्ट्रात मोह नाहीतर शिंदी कुणी खिशातून काढून दिली तर पिऊ नका, डोळे जातील. आणि ज्यांनी प्रतिज्ञा घेतली आहे त्यांनी ऑक्टोबरात वेरूळ-दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं खावीत, ती अजून तरी कुणी विदेशी ठरवलेली नाहीत.

आणि सरकारकडे मागायचंच असेल तर दारू मागू नका. हे मागा. मोह, बोंड, शिंदी यांचे जे परवाने निघतील ते वेचणाऱ्याच्या आणि चढणाऱ्याच्या सोसायटीला पहिले द्या, साखर सम्राटाच्या जावयाला नंतर. मराठवाड्याच्या ओढ्याकाठी शिंदी लावा, रसाचं पुढे बघू, केरसुणीपुरती तरी लावा. १९८१ च्या कायद्याच्या नावातून हातभट्टी आणि झोपडपट्टी हे दोन शब्द काढा, गुन्हा करणाऱ्याला गुन्ह्याच्या नावाने पकडा. आणि औरंगाबादच्या प्रत्येक ब्रुअरीच्या गेटवर, बाहेरच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल असा रोजच्या पाण्याचा आकडा खडूने लिहायला लावा. डॉकात जहाज किती बुडालंय ते आम्ही त्याच्या पोटावर रंगवलेल्या आकड्यांवरून धक्क्यावर उभे राहून वाचतो. कप्तानाला विचारायला वर जावं लागत नाही.